बार्शी लाइटपासून पद्मिनीपर्यंत

सोलापुरात 'वालचंद' म्हटलं की रिक्षावाला काही न विचारता अशोक चौकाच्या दिशेने कॉलेजकडे वळतो. पोरं तिथे ॲडमिशन घेतात, पास होतात, पुण्याला नोकरीला जातात. डॉ. कोटणीसांचं स्मारक आम्ही पाहुण्यांना हौसेने दाखवतो. वालचंदांचं नाव मात्र पाटीवर वाचून पुढे जातो. ज्याच्या नावाची ही पाटी, तो माणूस याच गावात जन्मला आणि भारतात मोटारगाडी बनवायचा कारखाना काढायला सरकारशी, परदेशी कंपन्यांशी आणि काळाशी दहा वर्षं झुंजला, असं सांगितलं की समोरच्याला नवल वाटतं.

मी पेशाने मोटार मेकॅनिक. वडिलांचं होटगी रोडला गॅरेज होतं, तिथेच हात काळे करून शिकलो. वालचंद हिराचंद यांची माझी पहिली भेट बॉनेटखाली झाली. डॉज, फार्गो, फियाट, पद्मिनी, म्हणजे त्यांच्या कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून आलेलं जे जे सोलापूरच्या रस्त्यावर पळालं, त्यातलं पुष्कळसं आमच्या गॅरेजच्या खड्ड्यावर उभं राहून गेलं. गाड्यांचा इतिहास वाचायची गोडी पुढे लागली ती हिराचंद नेमचंद वाचनालयात. हे हिराचंद नेमचंद म्हणजे वालचंदांचे वडील. मुलाचं नाव कॉलेजवर आणि बापाचं वाचनालयावर, असं हे घराणं गावात रोज आपल्या आजूबाजूला आहे.

दोशी कुटुंब मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, धर्माने दिगंबर जैन. व्यापारासाठी इकडे आलं आणि सोलापूरकर झालं. हिराचंद नेमचंद कापूस-सुताचा व्यापार आणि सावकारी करत, पण नुसते पेढीवर बसणारे गृहस्थ नव्हते. 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनी १८८० च्या दशकात सोलापुरातून सुरू केलं. वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. मुलगा लहान असतानाच आई गेली. तोवर जी.आय.पी. रेल्वे सोलापुरात येऊन वीसेक वर्षं झाली होती आणि जुन्या गिरणीचा भोंगा वाजू लागला होता. गाव यंत्रावर चालायला लागलं होतं. वालचंद सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून १८९९ मध्ये मॅट्रिक झाले, मुंबईच्या आणि पुण्याच्या कॉलेजात गेले, पण पदवी न घेता परतले.

आता इथे जरा थांबतो, कारण आमच्या जिल्ह्याचा या गोष्टीतला खरा वाटा इथे आहे आणि तो कुणी सांगत नाही.

१८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी छोटी रेल्वे सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे. रूळ अडीच फुटांचे. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. तोवर छोटी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेचीच लहान नक्कल, असा रिवाज होता. कॅलथ्रॉपने सगळा विचार उलट्या टोकाने केला. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याने आधी ठरवलं. मग इंजिन असो की वाघीण, प्रत्येक आसावर भार सारखा वाटला गेला की हलका रूळ पुरतो, हलका पूल पुरतो आणि खर्च उतरतो. वाघिणी त्याने दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या केल्या. त्या वजनाला कमी आणि माल मात्र भरपूर नेणाऱ्या. ही वाघीण मी कुर्डुवाडीला पाहिली आहे. पत्रा दाबून त्यालाच कड दिली की जाड तुळई लागत नाही, ही युक्ती पुढे मोटारीच्या बॉडीत जगभर आली. हाच कॅलथ्रॉप नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला आणि त्याने 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट काढलं. वजन, भार आणि जीव यांचा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असावा.

या रेल्वेत लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे कारकून होते. कंत्राटं कशी निघतात, भाव कसा भरायचा, माती-मुरूम कुठून आणायचा, हे त्यांना पाठ. हातात भांडवल नव्हतं. वालचंदांकडे घरचं भांडवल आणि पत होती, अनुभव नव्हता. १९०३ च्या सुमारास दोघे भागीदार झाले आणि बार्शी लाइटच्या वाढीव मार्गाचं काम घेऊन ठेकेदारी सुरू झाली. सावकाराच्या घरातला विशीतला मुलगा उन्हात भरावाच्या कामावर उभा राहिला. कापसाच्या पेढीवर नफा बाजारभावातून यायचा. इथे तो मोजमापातून, वेळेतून आणि माणसं सांभाळण्यातून यायचा. वालचंदशेठ कारखानदार झाले ते या उन्हात, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं मुंबईत घडलं म्हणून मुंबईच्या नावावर चढलं.

त्या 'सगळ्या'चा पसारा इतका मोठा की इथे धावतच सांगायला हवा. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानसाचं पाणी आणणारे नळ, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल, ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून 'लॉयल्टी' हे जहाज घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. नाशिक जिल्ह्यात रावळगावचा आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना. रावळगावची गोळी चघळली नाही असं माझ्या पिढीत कुणी नसेल. हे सारं गं. दे. खानोलकरांनी लिहिलेल्या चरित्रात सविस्तर आहे. माझं काम मोटारीचं, तिकडे वळतो.

१९३० च्या दशकात मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती. संस्थानिक परदेशातून चॅसिस आणि इंजिन मागवत आणि त्यावर आपल्या आवडीची बॉडी चढवून घेत. कोल्हापूरच्या महाराजांची मेबॅक आजही शाही दसऱ्याला बाहेर येते तेव्हा माणसं तिच्या रुंद मडगार्डांकडे पाहत उभी राहतात. सामान्य श्रीमंतांसाठी अमेरिकन गाड्या होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता, मागोमाग फोर्डही आली. पण या कारखान्यांत गाडी बनत नसे. परदेशातून लाकडी खोक्यांत सुटे भाग यायचे, इथे ते जोडायचे, रंग द्यायचा आणि विकायची. इंजिनाचा ब्लॉक ओतणं, क्रँक घडवणं, गिअर कापणं, यातलं काही इथल्या माणसाच्या हाताला लागत नव्हतं. जोडारी कितीही वर्षं केली तरी त्यातून गाडी बनवता येत नाही, हे गॅरेजवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. मी कितीतरी इंजिनं उघडून परत बसवली असतील, पण त्यातला एक पिस्टनही मला ओतता येणार नाही.

हे दुखणं नेमकं ओळखलं सर विश्वेश्वरय्यांनी. सत्तरी ओलांडलेला हा माणूस १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेत मोटार कारखाने पाहत फिरला आणि भारतात संपूर्ण गाडी बनवायची योजना कागदावर घेऊन आला. ती अंगावर घ्यायला वालचंदशेठ पुढे झाले. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, त्याने मदतीची तयारी दाखवली. दिल्लीचं सरकार मात्र थंड होतं. म्हैसूर संस्थान कारखान्याला जागा द्यायला उत्सुक, पण तिथेही वरून आडकाठी.

१९३९ मध्ये वालचंदशेठ स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डने सांगितलं की साम्राज्यातल्या देशांचे हक्क आमच्या कॅनडाच्या कंपनीकडे आहेत, तिच्याशी बोला, आणि त्या कंपनीने दार लावून घेतलं. जनरल मोटर्सला भारतीयांच्या मालकीचा कारखाना नको होता. दोघांच्याही भारतात जोडणीच्या शेड चालू होत्या. त्यांनी स्वतःच्या धंद्याला सवत का आणावी? शेवटी क्रायस्लर तयार झाली. १९४० मध्ये करार झाला: तंत्र क्रायस्लरचं, मालकी आणि कारभार इथला. या तीन उत्तरांतच त्या काळचं सगळं राजकारण आलं.

याच प्रवासाहून परतताना पॅन ॲमच्या विमानात त्यांना विल्यम पॉली भेटले. विमानं विकणारा अमेरिकन माणूस. बोलता बोलता विमानाचा कारखाना काढायची गोष्ट निघाली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली गेली. आज जिला आपण एच.ए.एल. म्हणतो ती हीच. म्हणजे मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना आधी काढून बसला. युद्ध चालू होतं, सरकारला विमानं हवी होती, म्हणून तिथे परवानगी लवकर मिळाली. मोटारीला तेच युद्ध आडवं आलं. मोटारगाड्यांचा युद्धाला उपयोग नाही, या सबबीवर यंत्रं आणायला मदत नाकारली गेली. नोव्हेंबर १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते, त्यामुळे मुंबईचा आधारही गेला. ट्रक आणि जीप यांच्याशिवाय ते युद्ध एक दिवस चाललं नसतं, आणि त्याच वेळी मोटार कारखाना युद्धाच्या कामाचा नाही असं लेखी उत्तर येतं! वालचंदशेठ त्यावर पत्रं लिहीत राहिले, शिष्टाई करत राहिले. वय साठीला टेकलं होतं.

प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. दोन वर्षं आधी बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स निघाली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये, म्हणजे ऐन स्वातंत्र्याच्या वर्षी, गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ आणि डी सोटो, शिवाय डॉज आणि फार्गो ट्रक.

सोलापुरात या मोठ्या गाड्या वकिलांकडे, डॉक्टरांकडे, गिरणीशी संबंधित मंडळींकडे होत्या. वडिलांकडे एक डॉज किंगस्वे नेमाने यायची, ती मला अजून पाठ आहे. बॉनेट वर केलं की आत सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन. साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी उभे, आणि वरचं हेड म्हणजे नुसतं जाड सपाट झाकण. हेड उतरवलं की सहा पिस्टन आणि बारा व्हॉल्व्ह एका ओळीत समोर. शिकणाऱ्या पोराला इंजिन कसं चालतं हे दाखवायला याहून चांगली रचना नाही. इंजिन चालू असताना बॉनेटवर हात ठेवला तर थरथर जेमतेम जाणवायची. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, मागची सीट इतकी ऐसपैस की चार माणसं मांडी घालून बसावीत. पेट्रोल मात्र भरपूर प्यायची. फार्गो ट्रकचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे अडलं तर ट्रकचं सामान आणून भागवता यायचं. पुढे त्या ट्रकांत पर्किन्सचं पी-सिक्स डिझेल इंजिन आलं आणि आडतीवरचा माल वाहणाऱ्या गाड्यांत ते वर्षानुवर्षं चाललं.

डॉज, प्लायमाउथ आणि डी सोटो या तिन्ही नावांच्या गाड्या मुळात एकच होत्या. जाळी बदलायची, नाव बदलायचं, पट्ट्या बदलायच्या. प्लायमाउथचा दरवाजा डॉजला बसायचा. ही क्रायस्लरची पद्धत होती. यात भारतीय हाताने आखलेली एकही रेघ नव्हती, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

कुणी विचारतो, मग वालचंदांनी केलं काय? गाडी अमेरिकन, पुढे इटालियन, यांनी फक्त पैसे घातले. हा प्रश्न मला लागतो. गाडीचा आराखडा म्हणजे तिचा बाह्य आकार एवढाच असतो का? कुठला भाग कुठे ओतायचा, कोणत्या वर्षी कोणता भाग परदेशातून आणणं थांबवायचं, त्यासाठी कुठल्या गावात कोणता छोटा कारखानदार तयार करायचा, हाही आराखडाच आहे. तो कुणीतरी आखावा लागतो, आणि तो कार्बोरेटर आखण्याहून अवघड आहे, कारण त्यात सरकार, सावकार, परदेशी भागीदार आणि शिकाऊ कामगार हे सगळे एका आसावर बसवावे लागतात. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच या देशात गाड्या काढाव्यात. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी शेड बंद केल्या आणि गेल्या. ज्यांनी १९३९ मध्ये दार लावलं होतं, त्या दोघांनाही वालचंदांनीच मांडलेल्या अटीवर इथून जावं लागलं.

पण ते पाहायला वालचंदशेठ धडधाकट उरले नव्हते. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कारभार सोडला. पत्नी कस्तुरबाईंनी शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. फियाटशी संबंध जुळला होता, छोटी टोपोलिनो कुर्ल्यात जोडली जाऊ लागली होती, पण ज्या गाडीने प्रीमिअरचं नाव घराघरात नेलं ती ११०० अजून इथे यायची होती. ती १९५४ मध्ये आली.

टोपोलिनो आणि ११०० या दोन्ही गाड्यांमागे दान्ते जाकोझा या इटालियन इंजिनिअरचं डोकं होतं. या माणसाविषयी मला मनापासून आदर आहे, कारण याची गाडी दुरुस्त करताना कधी शिवी तोंडात आली नाही. डॉजला खाली जाड चॅसिस आणि वर बॉडी अशी दोन अंगं होती. ११०० ला वेगळी चॅसिसच नाही. पत्रा दाबून, वळवून, एकमेकाला वेल्डिंग करून केलेली बॉडी हीच तिची चॅसिस. वजन कमी, १०८९ सी.सी.चं छोटं इंजिन तिला पुरून उरतं. कॅलथ्रॉपच्या वाघिणीचीच युक्ती, फक्त जास्त पुढची. सुरुवातीच्या ११०० ला पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरं मागच्या बाजूला. लुगडं नेसलेल्या बायकांना त्यात बसणं-उतरणं सोपं जाई, पण चालत्या गाडीत दार उघडलं तर वाऱ्याने फाडकन मागे जायचं. १९६४ च्या डिलाइटमध्ये बिजागरं पुढे आली. हीच डिलाइट पुढे थोड्याफार बदलाने प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी.

पद्मिनी मी बंद डोळ्यांनी उघडू शकतो. डिस्ट्रिब्युटरचा पॉइंट झिजला की गाडी सकाळी रडते, चोक ओढून दोनदा ॲक्सिलरेटर दाबायचा. मागचे पाटे बसले की गाडी ढुंगण टेकते. पुढचे किंगपिन ग्रीस मागतात. तिचं खरं दुखणं तळाच्या पत्र्यात. बॉडीच चॅसिस असल्यामुळे दाराखालच्या पट्टीत पाणी साचून गंज धरला की नुसता पत्रा नाही, गाडीचा कणाच जातो. सोलापूरच्या कोरड्या हवेत या गाड्या टिकल्या, मुंबईत टॅक्सीवाले दर काही वर्षांनी ती पट्टी कापून नवी वेल्ड करायचे. ज्या वेल्डरला हे सरळ रेषेत जमतं त्याला खरा डेंटर म्हणावं. चुकला तर चारही दारं कधीच नीट बसत नाहीत.

आता जे मला खुपतं ते लिहितो. १९५४ ची गाडी इटलीत १९६० च्या दशकाअखेर संपली, इथे ती २००० सालापर्यंत चालली. याला कारण होतं. पत्र्याची बॉडी दाबायला प्रचंड प्रेस लागतात आणि प्रत्येक भागाची वेगळी डाय. नवा चेहरा म्हणजे नव्या डाय, आणि त्याचा खर्च भरून निघायला गाड्या लाखाने विकाव्या लागतात. सरकार वर्षाला किती गाड्या काढायच्या ते ठरवून देई, गाडी चैनीची वस्तू म्हणून तिच्यावर कर लादी, पोलादासाठी परवाना, यंत्रासाठी परवाना. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबलेलं. अशा वेळी नवी डाय कोण करणार? हे सगळं मला समजतं. तरीही विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांनी जे मागितलं होतं त्यात आपली गाडी आपण आखण्याचाही भाग होता, आणि तो तेवढा राहून गेला. भाग बनवणारे हजार हात तयार झाले, पण कागदावर नवी रेघ ओढणारा विभाग जसा वाढायला हवा होता तसा वाढला नाही.

याच काळात, सोलापूरहून फार लांब नाही, इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचा एक स्वयंशिक्षित माणूस 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः आखत होता. पहिला नमुना १९४९ चा, नंतर सुधारून सुधारून पुढचे. इंजिनापासून बॉडीपर्यंत विचार स्वतःचा. ती कधी कारखान्यात गेली नाही. कुर्ल्याला प्रेस होते, ओतशाळा होती, विक्रेते होते आणि आखणारा नव्हता. इचलकरंजीला आखणारा होता आणि बाकी काहीच नव्हतं. ही दोन टोकं एका छपराखाली आली असती तर महाराष्ट्राच्या मातीतली मोटार रस्त्यावर असती, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

पुढचं थोडक्यात. वालचंदांनंतर कारभार कुटुंबाकडे राहिला. त्यांचे पुतणे विनोद दोशी यांनी प्रीमिअर चालवली, आणि मराठी नाटकवाल्यांना ते नाटकावर प्रेम करणारे म्हणून जास्त आठवतात. १९८३ मध्ये मारुती आली, १९८५ मध्ये प्रीमिअरने ११८ एन.ई. काढली, ९० च्या दशकात प्यूजो आणि मग पुन्हा फियाटबरोबर प्रयत्न झाले, ते टिकले नाहीत. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निघून गेली, कारण टॅक्सीचं वय वीस वर्षांपुरतं मर्यादित आहे. त्या दिवशी आमच्या गॅरेजमध्ये दोन पद्मिनी उभ्या होत्या. खाजगी, जपलेल्या.

आणि सोलापुरात? इथे १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे. कॅमशाफ्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण इंजिनातली ती सगळ्यात नाजूक मोजमापाची दांडी आहे. एकाच लांब दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, प्रत्येक उंचवटा एक व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडतो आणि मिटू देतो. मी पद्मिनीची कॅमशाफ्ट बाहेर काढली की आधी पुसून उजेडात धरतो आणि उंचवट्याच्या टोकावरून नख फिरवतो. नखाला किंचित सपाटी लागली तरी ती दांडी गेली. तेवढ्या झिजेने एक व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो आणि गाडी चढावर दम टाकते. टोक कठीण हवं आणि बाकी दांडी चिवट, म्हणजे एकाच ओतीव तुकड्यात दोन स्वभाव. असा तुकडा रोज हजारोंनी, एकसारखा, चुकीविना बनवणं हे काम सोपं नाही. सोलापुरात ते होतं आणि इथली कॅमशाफ्ट देशी कंपन्यांबरोबर फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या इंजिनातही गेलेली आहे. १९३९ मध्ये सोलापूरच्या माणसाला नकार देणाऱ्या त्या दोन कंपन्या. चिंचोळीच्या एम.आय.डी.सी.तून पहाटे कामावरून सुटणाऱ्या पोरांना हे ठाऊक असावं असं मला फार वाटतं. त्यातली काही वालचंदच्या कॉलेजातूनच शिकून बाहेर पडलेली असतात.

माझी मागणी साधी आहे. कॉलेजच्या आवारात काचेच्या खोलीत एक डॉज किंगस्वे आणि एक पद्मिनी ठेवावी, शेजारी बार्शी लाइटच्या वाघिणीचा एक तुकडा ठेवावा, आणि गाड्या नुसत्या धूळ खात नकोत, चालू स्थितीत हव्यात. महिन्यातून एकदा सुरू करून कॅम्पसमध्ये फिरवायच्या, पोरांना चालवायला द्यायच्या, हेड उघडून दाखवायचं. गाड्या मिळवणं अशक्य नाही, जिल्ह्यात अजून काही घरांत ताडपत्रीखाली उभ्या आहेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेकची जबाबदारी मी घेतो. तळाच्या पट्टीसाठी चांगला वेल्डर लागेल, तोही माझ्या ओळखीत आहे.